सात ओळी

आधीच सांगून टाकतो. त्या रात्री जे गेलं ते न दिसणाऱ्या ड्राइव्हमुळे गेलं नाही. ड्राइव्ह दिसत नव्हत्या तोवर सगळं शाबूत होतं. त्या दिसायला लागल्या आणि माझा हात चालला.

मी रोह्यात राहतो. धाटाव, कोलाड, नागोठणे या पट्ट्यातल्या पाचसहा कारखान्यांच्या कॉम्प्युटरची आणि सर्व्हरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडे असते. हा कारखाना धाटाव एमआयडीसीतला. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. मे 2023 मधला शेवटचा शनिवार होता. प्लांट शटडाउनवर होता आणि रविवारी सकाळी 7 वाजता पहिल्या पाळीबरोबर डिस्पॅच सुरू व्हायचं होतं. महिनाअखेर असल्यामुळे टँकर रांगेत उभे राहणार होते. मला अकरा तास मिळाले होते. काम चार तासांचं होतं.

खाली दिलेल्या वेळा आठवणीतल्या नाहीत. काही गेटच्या रजिस्टरमधल्या आहेत, काही फोनमधल्या फोटोंच्या, आणि बाकीच्या सर्व्हरच्या डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या लॉगमधल्या. कंट्रोलर कुणाची भीड धरत नाही, सेकंदासकट लिहून ठेवतो. कंसातली मोजणी सकाळी 7 ची नाही, माझा हात चालला त्या क्षणापर्यंतची आहे.

रात्री 8.10 (7 तास 16 मिनिटं बाकी)

गेट. मोबाइल ऑफिसच्या बाजूलाच वापरायचा, प्लांटकडे न्यायचा नाही, ही नेहमीची सूचना झाली. सेफ्टी शूज, हेल्मेट. वॉचमनकाकांनी ‘मटेरियल इन’ मध्ये सर्व्हरमध्ये घालायला आणलेल्या चारही एसएसडींचे सीरियल नंबर एकेक करून लिहायला लावले. मला कटकट वाटली. आज वाटतं, आत सर्व्हरमध्ये सहा वर्षं फिरत असलेल्या जुन्या डिस्कचे नंबरही कुणीतरी असेच लिहायला लावायला हवे होते.

दुपारी वळवाचा पाऊस पडून गेला होता. अशा वेळी धाटावचा वास जमिनीलगत बसतो. बाहेरच्याला तो सहन होत नाही, आम्हाला त्यावरून वाऱ्याची दिशा कळते.

9.05 (6 तास 21 मिनिटं)

सर्व्हर रूम म्हणजे अकाउंट्सच्या मागची आठ बाय दहाची खोली. सर्व्हर आठ खणांचा. डावीकडच्या चार खणांत 600 जीबीच्या चार सॅस हार्ड डिस्क होत्या, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या. चारही मिळून रेड-5. उजवीकडचे चार खण पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या झाकणांनी बंद. या रिकाम्या खणांत 960 जीबीच्या चार एसएसडी घालायच्या, त्यांचा रेड-10 बांधायचा, जुन्यावरचं सगळं नव्यावर आणायचं. कागदावर यात काही अवघड नव्हतं.

ज्यांचा रेडशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बर्कलीच्या विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी 1988 मध्ये एक निबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्तातल्या पुष्कळ छोट्या डिस्क एकत्र जुंपा, आणि एखादी मेली तरी बाकीच्यांवरून तिचा मजकूर काढता येईल अशी सोय करा, असं त्याचं सार. हिशेब वाण्याच्या बेरजेसारखा आहे. 4, 7, 5 आणि बेरीज 16, असे चार आकडे चार डिस्कवर ठेवले तर कुठलाही एक पुसला गेला तरी उरलेल्या तिघांवरून तो सांगता येतो. खरी यंत्रणा बेरजेऐवजी बिटांचं एक्सऑर करते, पण तत्त्व हेच. मात्र कुठली डिस्क पहिली, कुठली दुसरी, ही माहिती प्रत्येक डिस्कच्या एका कोपऱ्यात वेगळी लिहिलेली असते. मजकूर म्हणजे घर धरलं तर ही माहिती म्हणजे सात-बारा. घर उभं असतं आणि सात-बारा फाडला जातो, अशीही वेळ येते.

बॅकअप पाहिला. बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री जातो, असं शेड्यूल सांगत होतं. ‘टास्क कम्प्लीटेड’ वाचलं आणि पुढे गेलो. एखादी फाइल परत उघडून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

9.50 (5 तास 36 मिनिटं)

चार एसएसडी चार कॅडीत (ड्राइव्ह धरणाऱ्या चौकटींत) बसवल्या आणि चार खणांत सरकवल्या. खटका बसला. चारही कॅडींवर हिरवे दिवे लागले. स्क्रीनवर मात्र काही नाही. रेडच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या चार डिस्क तेवढ्या दिसतात, उजवीकडचे चार खण रिकामे.

आमच्या धंद्यात याला ‘डिटेक्ट होत नाहीये’ म्हणतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं की ड्राइव्ह खराब निघाली. नवीन ड्राइव्ह खराब निघणं फार विरळा. बहुतेक वेळा ड्राइव्ह बिचारी तिथे बसलेली असते, तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता कुठेतरी तुटलेला असतो.

पेणला एका गणपतीच्या कारखान्यात हेच झालं होतं. मालकाचा मुलगा साच्यांचे फोटो, रंगांचे नमुने, परगावच्या ऑर्डरी सगळं कॉम्प्युटरवर ठेवतो. त्याने मदरबोर्डवर एक एम-डॉट-टू एसएसडी लावली, आणि आधीपासून रेडमध्ये असलेल्या दोन साटा ड्राइव्हपैकी एक गुल झाली. पुष्कळ मदरबोर्डांत एम-डॉट-टूचा खाचा आणि साटाची एकदोन पोर्टं एकाच वाटेवर असतात. एक भरलं की दुसरं बंद. हे बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण पुस्तिका खोक्यात राहते आणि खोकं माळ्यावर. साटा ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावली आणि पोराचं काम पाच मिनिटांत झालं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या मशिनींची आणखी एक तऱ्हा. व्हीएमडी नावाची सोय चालू असेल तर विंडोज बसवताना ड्राइव्हच दिसत नाही. ड्राइव्हर पेनड्राइव्हवर घेऊन भरवावा लागतो, नाहीतर बायोसमध्ये जाऊन ती बंद करावी लागते.

इथे मात्र मामला सर्व्हरचा होता.

10.40 (4 तास 46 मिनिटं)

सर्व्हर बंद करून चालू केला. कंट्रोलरच्या स्वतःच्या पडद्यावर पाहिलं, फर्मवेअर तपासलं, एक एसएसडी काढून लॅपटॉपला लावली. लॅपटॉपवर लगेच दिसली, 894 जीबी. म्हणजे ड्राइव्ह ठीक. दुकानातल्या 960 चे विंडोजमध्ये 894 का होतात, हा प्रश्न अकाउंट्सच्या साहेबांनी पूर्वी विचारलेला आहे आणि माझं उत्तर त्यांना पटलेलं नाही.

11.25 (4 तास 1 मिनिट)

झाकण उघडलं. पाच मिनिटांत कारण सापडलं.

खणांच्या मागे एक उभी पाटी असते, तिला बॅकप्लेन म्हणतात. ड्राइव्ह तिच्यात घुसते. या पाटीला मागून दोन प्रकारची वायर येते, एक विजेची आणि एक डेटाची. वीज आठही खणांना एकत्र मिळते. डेटाची मात्र दोन वेगळी पोर्टं, ए आणि बी, प्रत्येकी चार खणांची. एला केबल होती. बी मोकळं होतं, सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीतून आलं तेव्हाचं काळं टोपण अजून त्यावर. सहा वर्षांपूर्वी चारच डिस्क घेतल्या म्हणून विकणाऱ्याने केबलही एकच दिली होती.

म्हणून दिवे लागत होते. दिवा एवढंच सांगतो की वीज पोचली.

या जागी मी थांबायला हवं होतं. सर्व्हर जसा होता तसा चालू करून, सोमवारी केबल मागवून, पुढच्या शनिवारी परत आलो असतो. कुणी मला बोललं नसतं.

12.50 (2 तास 36 मिनिटं)

रात्री साडेअकराला मिनी-सॅस केबल रोह्यात मिळत नाही, पेणला मिळत नाही, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड सव्वाशे किलोमीटरवर झोपलेला असतो. पण याच कारखान्याचा एक जुना सर्व्हर भंगारात काढलेला स्टोअरमध्ये पडला होता, ते मला आठवलं. स्टोअरचे काका कॉलनीतच राहतात. फोन केला.

“आता या टायमाला कंची केबल? सकाली नाय का चालनार?”

आले मात्र. बनियनवर शर्ट चढवत आले, किल्ल्यांचा जुडगा घेऊन. भंगार सर्व्हरवर खताच्या गोणीएवढी धूळ होती. केबल काढली. काकांनी रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला आणि सावकाश लिहिलं, ‘केबल 1 नग, परत बोलीवर’. माझी सही घेतली. भंगारातली वस्तूही बोलीवरच द्यायची, हा त्यांचा नियम.

1.35 (1 तास 51 मिनिटं)

केबल बीला लावली. जागा अरुंद, हात पंख्यांच्या चौकटीखालून घालावा लागतो. ए आणि बी एकमेकांना खेटून आहेत. बीचा खटका वाजला. ए केबलला माझ्या बोटांचा मागचा भाग लागला असणार, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

1.47 (1 तास 39 मिनिटं)

चालू केला. कंट्रोलरने पडदा अडवला आणि म्हटलं की आधीच्या रचनेतल्या सगळ्या डिस्क गायब आहेत, तुम्हाला हे अपेक्षित नसेल तर मशीन बंद करा आणि केबली तपासा. पुढे जायचं तर कुठलंही बटण दाबा.

यंत्राने याहून सरळ भाषेत माणसाला काय सांगायचं? मी बटण दाबलं. आत जाऊन पाहू, असं डोक्यात होतं. आत तीन एसएसडी दिसत होत्या. जुन्या चारही नाहीत, आणि नव्यांतली चौथी नाही.

त्या बटणाने कंट्रोलरच्या लेखी जुना रेड निकालात निघाला. डिस्कवर सगळं होतं तसंच होतं, पण कंट्रोलरने स्वतःच्या वहीतून त्यांची नावं खोडली.

1.58 (1 तास 28 मिनिटं)

बंद केला. ए केबल अर्धवट बाहेर आलेली. दाबली, खटका वाजला. हुश्श.

2.20 (1 तास 6 मिनिटं)

चौथी ड्राइव्ह का दिसत नव्हती, ते अजून कळलं नव्हतं. मी तिच्यामागे लागलो आणि वाटेत फर्मवेअरच्या विचारात अडकलो. याला कारण आहे.

आमच्या धंद्यातल्या माणसाला 32,768 हा आकडा पाठ असतो. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने गिऱ्हाइकांना नोटीस काढली, की आमच्या काही सॅस एसएसडी चालू राहण्याचे 32,768 तास भरले की मरतील. म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस, 8 तास. झीज होऊन नाही, हळूहळू नाही. तास भरला की गेली. ड्राइव्हही परत येणार नाही आणि तिच्यावरचा डेटाही नाही, आणि एकाच वेळी सुरू केलेल्या ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी जातील, असं त्या नोटिशीतच लिहिलेलं होतं. आकडा पाहिला की प्रोग्रामरला हसू येतं. सोळा बिटांच्या खात्यात धन-ऋण दोन्ही ठेवले तर मोजणी 32,767 पर्यंतच जाते. त्यापुढचा एक तास त्या खात्यात मावत नाही. मार्च 2020 मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी तशीच नोटीस निघाली, या वेळी 40,000 तासांची. आणि जुलै 2022 मध्ये ‘हॅकर न्यूज’ हे प्रोग्रामर लोकांचं मोठं ठिकाण बंद पडलं. मुख्य सर्व्हरच्या ड्राइव्ह गेल्या, आणि काही तासांत बदली ठेवलेल्या सर्व्हरच्याही. दोन्हीकडच्या एसएसडी एका वयाच्या, चाळीस हजार तासांच्या आसपास पोचलेल्या.

एक मेली तरी दुसरी आहे, हा रेडचा सगळा भरवसा. एका बॅचच्या, एका दिवशी जन्मलेल्या चार ड्राइव्ह तो भरवसा पाळत नाहीत. म्हणून मी चार ड्राइव्ह दोन वेगवेगळ्या दुकानांतून, दोन खेपांत घेतो. यावेळीही घेतल्या होत्या. त्या दुसऱ्या कंपनीच्या, नव्याकोऱ्या होत्या. त्यांचा या आजाराशी काही संबंध नव्हता. पण रात्री अडीचला माणूस जवळचं सोडून लांबचं कारण शोधतो. मी पंचवीस मिनिटं फर्मवेअरच्या आवृत्त्या वाचत बसलो आणि कॅडी बाहेर काढून पाहिली नाही.

2.44 (42 मिनिटं)

सर्व्हर पुन्हा चालू केला. पडद्यावर नवा संदेश, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडलं आहे. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी रेडची माहिती ज्यांच्यावर लिहिलेली आहे अशा डिस्क. दोन पर्याय असतात, इम्पोर्ट करा किंवा क्लिअर करा.

मला वाटलं, उलगडा झाला. दोन्ही दुकानदारांनी एसएसडी विकण्याआधी दुसऱ्या सर्व्हरवर चालवून पाहिल्या होत्या, तसं त्यांनी बिलावर शिक्का मारून दिलं होतं. त्यांच्या चाचणीचा कचरा राहिला असणार. क्लिअर केला की ड्राइव्ह कोऱ्या. माझा हा तर्क चुकीचा नव्हता. तीन ड्राइव्हवर खरोखरच तो कचरा होता.

तरी सवयीने पडद्याचा फोटो काढला आणि कारखान्याच्या आयटीतल्या पोराला पाठवला. तो त्या रात्री पेणकडे चुलत भावाच्या हळदीला गेला होता. ‘दादा’ म्हणतो मला. खाली लिहिलं, ‘फॉरेन क्लिअर करतोय’. एका मिनिटात त्याचा अंगठा आला. हळदीच्या बेंजोत कुणी फोटो मोठा करून बघत नाही, आणि ते त्याचं काम नव्हतं.

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. फॉरेन डिस्कची यादी आहे, एका खाली एक. मोजल्या तर सात ओळी भरतात. नव्यांपैकी दिसत होत्या तीन.

उरलेल्या चार कुणाच्या, हे मी विचारलं नाही. मी ओळी मोजल्याच नाहीत.

2.47 (39 मिनिटं)

क्लिअर.

2.52 (34 मिनिटं)

बूट होईना. रेड एकही नाही. चार जुन्या डिस्क ‘रेडी’ म्हणून उभ्या, तीन नव्यांच्या शेजारी, तशाच कोऱ्या चेहऱ्याच्या. ए केबल निखळली तेव्हा कंट्रोलरने त्यांना खोडलं होतं आणि परत जोडल्यावर त्या त्याच्यासाठी परक्या झाल्या होत्या. मी इम्पोर्ट म्हटलं असतं तर दहा सेकंदांत घरच्या झाल्या असत्या.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते कळलं. बाहेर जाऊन वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये बसलो. त्यांनी थर्मासमधला कोरा चहा दिला. काही विचारलं नाही. लांबून कुंडलिकेचा आवाज येत होता. इतर नद्या मे महिन्यात आटतात, कुंडलिका वाहती असते, कारण भिरा वीजघरातून सुटलेलं पाणी तिच्यात येतं.

3.10 (16 मिनिटं)

अजून काही गेलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. क्लिअरने फक्त सात-बारा फाटतो. त्याच डिस्क, त्याच क्रमाने, त्याच 64 केबीच्या पट्ट्यांनी रेड पुन्हा बांधला, आणि इनिशिअलाइझ केला नाही, तर घर जसंच्या तसं उभं राहतं. हा उपाय मी पूर्वी दोनदा केला होता. जुन्या निळ्या पडद्यावर. त्या पडद्यावर इनिशिअलाइझचा चौकोन रिकामा असायचा, आणि वर इशाराही यायचा की नव्या रेडला इनिशिअलाइझ करावं, मात्र जुनी रचना परत उभारून डेटा सोडवत असाल तर करू नका.

आदल्या महिन्यात मीच या सर्व्हरचं फर्मवेअर नवीन केलं होतं. पडदा बदलला होता.

3.24 (2 मिनिटं)

चार डिस्क निवडल्या. क्रम तोच. पट्टी 64. रेड-5. आकार तोच आला, माझ्या जिवात जीव आला. खाली एक ओळ होती, डीफॉल्ट इनिशिअलायझेशन, आणि तिच्यापुढे आधीच भरलेला शब्द, ‘फास्ट’. ती ओळ पडद्याच्या तळाशी होती. दिसायला पान खाली सरकवावं लागत होतं. ‘सर्व डेटा जाईल’ हा इशारा आला, तो नव्या पडद्यावर प्रत्येक वेळी येतो. कन्फर्मच्या चौकोनात खूण केली.

3.26

येस.

फास्ट इनिशिअलायझेशन सगळी डिस्क पुसत नाही. रेडचा सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग शून्यांनी भरतं. काही सेकंदांचं काम. पण सुरुवातीच्या भागातच पार्टिशनचा नकाशा असतो. लॉगमध्ये सुरू झाल्याची आणि पूर्ण झाल्याची वेळ एकाच मिनिटातली आहे.

3.41

इथून पुढे मी एकच गोष्ट बरोबर केली. आणखी काही केलं नाही. सर्व्हर बंद केला, चारही जुन्या डिस्क बाहेर काढल्या आणि मार्करने प्रत्येकीवर नंबर टाकला, 0, 1, 2, 3. बाजूला कागदावर चारहींचे सीरियल नंबर. हे काम आठ मिनिटांचं होतं आणि ते करायची वेळ सहा वर्षं माझ्या हातात होती.

4.30

बाहेरची बॅकअप डिस्क उघडली. शेवटची फाइल 19 दिवसांपूर्वीची. मधे कुणीतरी दुसरी पेनड्राइव्ह लावली होती, त्यामुळे बॅकअप डिस्कचं अक्षर ई वरून एफ झालं होतं. टास्क रोज रात्री सुरू होत होतं, ई सापडत नव्हता, आणि तरी ‘कम्प्लीटेड’ म्हणून सही करून झोपत होतं.

प्लांट हेडना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “येतो.” ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

5.20

रिकाम्या हातांना काम हवं म्हणून चौथ्या एसएसडीची कॅडी ओढली.  या कॅडीत स्क्रू लावायला भोकांच्या दोन जोड्या असतात. तीन ड्राइव्हना मी पुढची जोडी वापरली होती, चौथीला मागची. ड्राइव्ह दोनेक मिलिमीटर मागे राहिली होती. विजेची पिन टेकत होती, डेटाची नाही. स्क्रू बदलले, आत सरकवली, दिसली. साडेसात तास जिचा शोध घेतला तिच्या शोधाला दीड मिनिट पुरलं.

सकाळी 7.00

पहिली पाळी आत आली. गेटवर पाच टँकर. ई-वे बिल सरकारी संकेतस्थळावर थेट भरता येतं, म्हणून अकाउंट्सच्या ताईंनी ऑफिसच्या लॅपटॉपवर एकेक हाताने भरलं. पहिला टँकर साडेदहाला निघाला. ड्रायव्हर गेटवर मला म्हणाला, “नेट नाही का?” मी हो म्हटलं.

जुन्या चार डिस्क फोममध्ये गुंडाळून मी स्वतः रोह्याहून दिव्याच्या गाडीने मुंबईला नेल्या. डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबवाल्याने पहिला प्रश्न विचारला, “क्रम माहीत आहे?” मी मार्करचे नंबर दाखवले. “यानंतर काही केलं?” नाही. तो म्हणाला, मग बरंच येईल. विंडोज फाइलींची मुख्य सूची डिस्कच्या अगदी तोंडाशी नसते, मोठ्या पार्टिशनमध्ये सहसा तीनेक जीबी आत असते. फास्टची शून्यं तिथवर पोचली नव्हती. नऊ दिवसांनी डेटा आला. लॅबचं बिल चार नव्या एसएसडींच्या किमतीपेक्षा जास्त झालं, ते मी भरलं. या नऊ दिवसांतल्या बॅचच्या नोंदी क्यूसीच्या दोन मुलींनी कागदी रजिस्टरांवरून पुन्हा टाइप केल्या. एमआयडीसीत अजून सगळं कागदावरही लिहिलं जातं म्हणून आम्ही हसायचो.

तुमच्याकडे सर्व्हर असेल तर त्याच्या डिस्कवर आज, तो धड चालत असताना, नंबर घाला. बॅकअपमधली एक फाइल उघडून पाहा. आणि फॉरेनची यादी आली की क्लिअरकडे हात नेण्याआधी ओळी मोजा.

कारखान्याने मला काढलं नाही. सर्व्हर त्या चार एसएसडींवर चालू आहे, भंगारातल्या केबलवरच. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये ती माझ्या नावावर अजून ‘परत बोलीवर’ आहे, आणि गेटपाशी भेटले की काका आठवण करतात.